रुग्णालयातील एक रात्र : बालकाची साहसवृत्ती आणि शिक्षकाचे कार्य

पहिली-दुसरीच्या वर्गातील एखाद्या मुलास लहानशा शस्त्रक्रियेसाठी तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयात एक रात्र राहावयाचे आहे, असे ठरले की त्या घरात एकाच वेळी दोन निरनिराळे हिशेब सुरू होतात. वडील माणसे बुडणारी मजुरी, एस.टी.चे भाडे, घरी राहणाऱ्या धाकट्या भावंडाची व गुरांची सोय, आणि या सर्वांच्या तळाशी असलेली, शब्दांत न येणारी भीती यांचा मेळ घालीत असतात. मूल मात्र विचारीत असते की, तेथील खाट किती उंच असते, तिला चाके असतात हे खरे काय, जिना चढून माडीवर जावे लागते काय, आणि रात्री तेथले दिवे मालवतात की तसेच ठेवतात. आईच्या डोळ्यांना पाणी येते त्याच वेळी मूल आपली पिशवी भरू लागलेले असते. हे पाहून शेजारीपाजारी म्हणतात, "पोराला अजून कळत नाही, म्हणून हसतंय."

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. शस्त्रक्रिया म्हणजे काय हे सहा-सात वर्षांच्या मुलास नीटसे कळत नाही, हे उघड आहे. परंतु आपण एका नव्या ठिकाणी जाणार आहोत, तेथे आजवर न पाहिलेल्या वस्तू असणार आहेत आणि या खेपेस घरातील सर्वांच्या बोलण्याचा विषय आपण आहोत, इतके त्यास पक्के कळलेले असते. ज्या मुलाने मामाच्या गावाखेरीज दुसरीकडे कधी रात्र काढलेली नाही, त्याच्या दृष्टीने जिल्ह्याच्या रुग्णालयाचा प्रवास हा जत्रेच्या प्रवासाहून फारसा निराळा नसतो. पहाटेची गाडी, मोठे फाटक, फाटकावरचा पहारेकरी, केसपेपरची रांग, पांढऱ्या कपड्यांतील सिस्टर, लांबच लांब ओसरी, या सर्वांत त्याला मोह आहे. हा मोह अज्ञानाचा म्हणून टाकून देण्याजोगा नाही. तो एक प्रकारचे भांडवल आहे. ते वाढवावयाचे, की एका वाक्याने उधळून टाकावयाचे, हे बहुतेक वेळा मोठ्यांच्या हाती असते. आणि त्या मोठ्यांत शाळेचे गुरुजी किंवा बाई यांचा शब्द मुलास अनेकदा घरच्यापेक्षाही अधिक प्रमाण वाटतो.

मुलांच्या या वृत्तीचे एक सुरेख चित्र परदेशी बालवाङ्मयात आढळते. लुडविग बेमेलमन्स या चित्रकार-लेखकाचे 'मॅडलिन' हे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. पॅरिसमधील एका वसतिगृहात राहणाऱ्या बारा मुलींपैकी सर्वांत लहान मुलीस मध्यरात्री पोटात दुखू लागते, तिला रुग्णालयात नेऊन आंत्रपुच्छ काढतात, आणि काही दिवसांनी बाकीच्या मुली तिला भेटावयास जातात. तिच्याभोवतीची खेळणी आणि पोटावरचा व्रण पाहून त्या परत येतात, आणि त्याच रात्री सगळ्याजणी रडू लागतात. त्यांनाही आपले आंत्रपुच्छ काढून हवे असते! लेखकाने ही गोष्ट हवेतून घेतलेली नव्हती. फ्रान्समधील एका बेटावर अपघात होऊन तो स्वतः रुग्णालयात पडला असता शेजारच्या खोलीत आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेली एक लहान मुलगी होती, आणि त्याच्या खाटेवरच्या छताला पडलेली भेग सशासारखी दिसे. पुस्तकात तो ससाही आला आहे. मोठ्या माणसास ज्या छतात गिलाव्याची दुरुस्ती दिसते त्यात मुलास ससा दिसतो, हे शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तथापि साहसाची ही वृत्ती अखंड नसते. झाडावर चढणारे मूल वरच्या फांदीवर पोचले की एकदा तरी खाली पाहते. आजोबा बुंध्याशी उभे असले तर आणखी वर जाते, नसले तर तेथेच रडू लागते. धैर्य तेच असते, फक्त त्याच्याखालचा आधार निघालेला असतो. रुग्णालयातील रात्रीचेही असेच आहे. तो आधार तीन गोष्टींचा बनतो : पुढे काय होणार याची खरी कल्पना, जवळ असलेले एक ओळखीचे माणूस, आणि परत येण्याची खात्री. पैकी दुसऱ्या गोष्टीचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे उपयुक्त होईल.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील बहुतेक रुग्णालयांत मुलास दाखल केले की आईबापांनी परत जावयाचे व ठराविक वारी, ठराविक वेळीच भेटावयास यावयाचे, असा शिरस्ता होता. आईबाप आले की मुले रडतात, गेले की अधिक रडतात, आणि न आले तर काही दिवसांनी गप्प होतात. तेव्हा न येणे बरे, असा त्यामागचा विचार होता. न्यूकॅसल येथील तान्ह्या मुलांच्या रुग्णालयात जेम्स स्पेन्स या डॉक्टरांनी १९२५ सालापासून मुलाबरोबर आईस ठेवून घेण्याची पद्धत पाडली होती. पण तिचे अनुकरण फारसे झाले नाही. पुढे जेम्स रॉबर्टसन या अभ्यासकाने १९५२ साली एक साधा चित्रपट तयार केला. अडीच वर्षांच्या आतली एक मुलगी बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय. ती फार आरडाओरडा करीत नाही. चेहरा आवरून धरते, मधूनमधून आईविषयी विचारते, आणि दिवसेंदिवस अधिक शांत व अधिक परकी होत जाते. वॉर्डातील माणसे ज्यास 'रुळणे' म्हणत, ते वास्तविक आशा सोडणे होते, हे या चित्रपटाने दाखविले. पुष्कळ डॉक्टरांस तो प्रथम रुचला नाही. परंतु १९५९ साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुक्त भेटीची मुभा असावी आणि लहान मुलांबरोबर आईस राहता यावे, अशी शिफारस केली.

आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत खाटेशेजारी चटई पसरून बसलेली आई किंवा आजी ही गोष्ट कोणत्याही समितीच्या शिफारशीने आलेली नाही. ती पूर्वापार आहे. वॉर्डातील गर्दी, डब्यांची ने-आण आणि नातेवाइकांचा गोंगाट यांबद्दल तक्रार होते ती रास्तच आहे; पण ज्यासाठी परदेशात वर्षानुवर्षे भांडावे लागले ते आपल्या मुलास सहज मिळते, हे विसरू नये. शिक्षकाने एवढेच पाहावे की, मुलाबरोबर कोण राहणार हे घरात आधी ठरले आहे. बहुधा एकाच माणसास राहू देतात. आईच्या पदरी तान्हे मूल असेल तर वडील, मावशी किंवा आजी चालेल, परंतु ते माणूस कोण हे मुलास आदल्या दिवशी ठाऊक असले पाहिजे. आई येणार म्हणून निघालेल्या मुलास फाटकावर काकाच्या हाती सोपविणे, यासारखा दगा नाही.

आता एक उदाहरण घेऊन विचार करू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यानुसार फिरते आरोग्यपथक शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येऊन मुलांची तपासणी करते, आणि जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वादिकांची उणीव, आजार व वाढीतील विलंब आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठविते. समजा, अशा तपासणीत दुसरीतील सात वर्षांच्या मुलास जांघेतील अंतर्गळ आढळला. मुलगा आईच्या पोटात असताना अंडकोश पोटातून खाली उतरतात. ते ज्या वाटेने उतरतात ती वाट जन्माच्या सुमारास मिटावयास हवी. ती उघडी राहिली तर रडताना, खोकताना अगर जोर करताना आतड्याचा भाग त्या वाटेत शिरतो व जांघेत फुगवटा दिसतो. मूल निजले की तो बहुधा नाहीसा होतो. बेंबीचा अंतर्गळ पुष्कळदा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. जांघेतील मिटत नाही. पट्टा बांधून, लेप लावून किंवा गंडा घालून ती वाट बंद होत नाही. शस्त्रक्रिया लहान असते, आणि मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येऊ शकते. गाव दूर असले म्हणजे एक रात्र ठेवून घेणे सोयीचे पडते.

अशा वेळी घरात "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणण्याकडे कल असतो. मूल खेळते आहे, हसते आहे, दुखत काहीच नाही, मग कापाकापी कशाला? येथे मुलाची उत्सुकता पालकांच्या निर्णयास बळ देते. मूलच जावयास राजी आहे असे दिसले की आईची निम्मी चिंता उतरते. परंतु म्हणून मुलास भुलवून राजी करणे मुळीच योग्य नव्हे. "तिथं काहीसुद्धा करत नाहीत, नुसतं बघतात," असे सांगून नेलेले मूल सुई पाहताक्षणी सर्वच मोठ्यांवरचा विश्वास गमावून बसते, आणि पुढल्या खेपेस टाके पाहण्यासाठी त्यास नेणे जिकिरीचे होते. त्याच्या उलट, "रडलास तर डॉक्टरांकडून सुई टोचवीन," ही धमकी. ती घराघरांत चालते, आणि खेदाची गोष्ट अशी की लसीकरणाच्या दिवशी शाळेतही कानी पडते. ज्या सुईस वर्षभर शिक्षा म्हणून मिरविले, तीच सुई एके दिवशी औषध म्हणून कशी पुढे करावी?

शिक्षेची ही कल्पना मुलांच्या मनात मुळातच असते, हे अनेकांस ठाऊक नसते. पाच-सात वर्षांचे मूल आजाराचे कारण आपल्या वागणुकीत शोधते. पाटलांच्या झाडाच्या चिंचा चोरल्या म्हणून गाठ आली, बहिणीस ढकलले म्हणून आता पोट कापणार, असे ते स्वतःशी ठरवून टाकते व कोणास सांगत नाही. तेव्हा विचारण्याची वाट न पाहता शिक्षकाने सांगून टाकावे : "ही वाट तू जन्मलास तेव्हापासूनच उघडी राहिली आहे. तू काही केलेस म्हणून नव्हे."

शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. 'भूल' हा शब्दच पाहा. डॉक्टर "भूल देऊ" म्हणतात. कोकणात किंवा रानालगतच्या वाड्यांत वाढलेल्या मुलाने रानात भूल पडून माणूस रात्रभर फिरत राहिल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्याच्या मनात काय उभे राहील? 'टाके' म्हटले की एखाद्यास पाण्याचे टाके दिसते. "बाटली लावतील" म्हटले तर बाटली कोठे लावतील, असा प्रश्न पडतो. मोठ्यांस यात विनोद वाटेल. मुलास तो रात्रभर पुरतो. म्हणून प्रत्येक शब्द साध्या वाक्याने उकलून सांगावा. भुलेबद्दल असे सांगता येईल : "डॉक्टर एक औषध देतील. कदाचित नाकातोंडावर एक वाटीसारखी वस्तू ठेवतील व श्वास घ्यावयास सांगतील. मग तुला झोप लागेल, पण रोजच्यासारखी नव्हे. रोजच्या झोपेत चिमटा घेतला तर आपण जागे होतो. या झोपेत काही कळत नाही. काम झाले की डॉक्टर औषध थांबवतील आणि तू जागा होशील." रोजच्या झोपेहून ही झोप निराळी, हा भेद अवश्य करावा, अन्यथा घरी परतल्यावर मूल अंथरुणावर पडावयास भिते.

मुलास केव्हा सांगावे, हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. अंगणवाडीतील तीन-चार वर्षांच्या मुलास एक-दोन दिवस आधी सांगणे पुरे. फार आधी सांगितले तर त्याच्या मनात दिवसांचा हिशेब राहत नाही, केवळ धास्ती राहते. सहा-सात वर्षांच्या मुलास आठवडाभर आधी सांगावे, कारण त्यास विचारावयाचे पुष्कळ असते आणि ते सगळे एका दिवशी सुचत नाही.

वर्गात या विषयाचा पाठ घ्यावयाचा तर तो खेळातून घ्यावा. १९४५ साली बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी विकतच्या साधनांवाचून, भोवतालच्या वस्तूंनी बालशिक्षण कसे चालते ते दाखवून दिले आहे. येथेही तसेच करता येईल. चिंधीची एक बाहुली, आगपेटीच्या किंवा पुठ्ठ्याच्या खोक्याची खाट, तिला बाटलीच्या बुचांची चाके, जुन्या धोतराची पट्टी, नाकावर ठेवण्यास घासून गुळगुळीत केलेली लहान करवंटी, दोरीला टांगलेली रिकामी बाटली, इतके साहित्य पुरे होते. खरी सुई मात्र आणू नये. बोरूची काडी चालेल. मुलांना भूमिका वाटून द्याव्यात : डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, सिस्टर, मावशी, रुग्णवाहिकेचा चालक, बाहुलीची आई, फाटकावरील पहारेकरी. पहारेकरी होण्यासाठी भांडणे होतात असा अनुभव येईल. रुग्णालयात जाऊन आलेल्या प्रत्येक मुलाने त्याचा दरारा पाहिलेला असतो!

ज्या मुलास जावयाचे आहे त्यास या खेळात रोगी करू नये. त्यास डॉक्टर करावे. जे आपल्यावर होणार आहे ते आपल्या हाताने बाहुलीवर करताना मुलाच्या मनातील पुष्कळ गोष्टी बाहेर येतात. एखादा डॉक्टर बाहुलीचे पोट उभे चिरून टाकतो. तेव्हा त्यास खरी चीर जांघेच्या घडीत, लहानशी असते, हे दाखविता येते. एखादा टोचलेल्या जागी घाईघाईने पट्टीवर पट्टी गुंडाळीत सुटतो. त्याच्या समजुतीने शरीर म्हणजे मडके आहे, आणि भोक पडले की सारे रक्त गळून जाणार. ही समजूत या वयात फार आढळते, आणि टोचल्यावर चिकटविलेल्या इवल्याशा पट्टीने मुले एकदम शांत का होतात याचे उत्तर तीतच आहे. खेळ चालू असता शिक्षकाने फार बोलू नये. चुकीचे दिसले तेवढेच दुरुस्त करावे, बाकी पाहत राहावे.

प्रश्न येतील. "दुखेल का, गुरुजी?" या प्रश्नास "नाही" हे उत्तर देण्याचा मोह आवरावा. सुई टोचताना दुखेल, एक ते दहा म्हणेपर्यंत. भुलेत असताना कळणार नाही. जागा झाल्यावर त्या ठिकाणी दुखेल, आणि ते सिस्टरला सांगितले की औषध देतील. एवढे मोजून सांगितलेले दुःख मूल पेलू शकते. "आई आत येईल का?" या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. प्रत्येक रुग्णालयाची रीत निराळी असते. आशाताईंमार्फत किंवा आरोग्यपथकाकडे आधी चौकशी करून मगच सांगावे.

एक प्रश्न असा आहे की तो मोठ्याने विचारला जातोच असे नाही. गावात एखाद्याचे आजोबा जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलेले असतात आणि परत आलेले नसतात. मुलाने ती रुग्णवाहिका पाहिलेली असते. पिशवी भरता भरता ते एकाएकी थांबते आणि विचारते, "मी पण तिथंच जाणार?" आई तोंड फिरवते, आजी "अशुभ बोलू नकोस" म्हणून दटावते, आणि प्रश्न मुलाच्या पोटात राहतो. त्याने शाळेत विचारले तर हसू नये, विषय बदलू नये. "आजोबांचा आजार फार मोठा होता आणि ते थकलेले होते. तुझा त्रास वेगळा आहे. ही शस्त्रक्रिया डॉक्टर पुष्कळ मुलांवर करतात आणि मुले घरी येऊन शाळेत जातात," असे सरळ, डोळ्यांस डोळा देऊन सांगावे. ते खरे आहे, आणि मुलास खरेपणा आवाजावरून कळतो.

साहसी मुलाचे कौतुक करतानाही जपावे लागते. "आमचा वाघ रडणार नाही" असे चारचौघांत म्हटले की मूल त्या शब्दास बांधले जाते. मग रात्री टाके दुखू लागले, मळमळू लागले, पट्टी ओली लागली, तरी ते दात आवळून पडून राहते. सिस्टर फेरीला आली की "बरं आहे" म्हणते. अशा शौर्याची रुग्णालयात अडचणच होते. त्यापेक्षा मुलास एक काम द्यावे : "रडू आले तर रड, ओरडावेसे वाटले तर ओरड, फक्त सुई टोचताना हात हलवू नकोस. आणि कुठे दुखले तर सिस्टरला बोट लावून जागा दाखव. ते डॉक्टरांना तुझ्यावाचून कोणी सांगू शकत नाही." काम मिळाले की मूल रोगी असूनही त्या कार्यातील भागीदार होते. उपाशी राहण्याचेही तसेच. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून काही खावयाचे नाही, कारण भूल दिली असता घशाची राखण करणाऱ्या क्रिया मंदावतात आणि पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मुलास हे समजावले तर ते स्वतःच पहारा करते. मोडते ते बहुधा आजी. "लेकरू भुकेनं कळवळलंय" म्हणून पदराआड एक बिस्किट दिले जाते, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. न सांगितल्यास त्याहून वाईट होऊ शकते. आजीस शाळेत बोलावून हे कारण प्रत्यक्ष सांगणे हे पालकभेटीचे अगदी योग्य निमित्त आहे.

रात्रीचा भाग उरतो, आणि खरी कसोटी तेथेच असते. दिवसभर मौज वाटलेली खाट रात्री परकी होते. दिवे पूर्ण मालवीत नाहीत. दुसरे एखादे मूल रडत असते, लोखंडी गाड्यांचा आवाज होतो, औषधांचा वास येतो, मोरी दूर असते. मध्यरात्री साहसी मूल उठून बसते व म्हणते, "घरी चल." आईस आधी सांगून ठेवावे की असे होणे स्वाभाविक आहे. "तूच उड्या मारत आलास ना?" असे तिने म्हणू नये, हात हातात धरून बसावे, आणि उजाडल्यावर काय होईल तेवढे सांगावे. घरची गोधडी बरोबर नेली असल्यास तिचा मोठा उपयोग होतो, कारण अंधारात घर ओळखण्याची मुलाची रीत वासाची आहे.

शाळेने दोन गोष्टी बरोबर द्याव्यात. पहिली, पाहणीचे काम : वॉर्डात खाटा किती, खिडकीतून काय दिसते, पहाटे सर्वांत आधी कोणता आवाज झाला, सिस्टरच्या खिशात काय काय असते, आणि छतावर काही चित्र दिसते काय. परत आल्यावर हे वर्गास सांगावयाचे आहे, असे बजावावे. दुसरी, अर्धी गोष्ट. जाण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने वर्गात एक लांबलचक गोष्ट सुरू करावी आणि रंगात आली असता थांबवावी. उरलेली, तो परत येईल त्या दिवशी. सगळा वर्ग कुरकुरेल, आणि ती कुरकुर त्या मुलाने ऐकावी. आपल्यावाचून गोष्ट पुढे जाणार नाही, हे कळल्यावर परत येण्याविषयी त्याच्या मनात संशय उरत नाही.

प्रत्येक मूल साहसी असते असे नाही. काही मुले बातमी ऐकताच गप्प होतात, खेळात भाग घेत नाहीत, दाराशी उभी राहून पाहतात. त्यांस ओढून आणू नये. दाराशी उभे राहूनही ती सर्व ऐकत असतात, आणि शाळा सुटल्यावर बाहुलीशी एकटी खेळताना आढळतात. बाहुली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवावी.

परत आल्यावर पहिले काही दिवस मूल आईस बिलगून राहील, रात्री दचकेल, सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओले करील. दोन-तीन आठवड्यांत हे बहुधा ओसरते. त्यावरून कोणी चिडवू नये एवढी दक्षता घ्यावी. कवायत, उड्या, पाण्याची कळशी उचलणे हे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवावे, आणि पुन्हा दाखविण्याची तारीख शिक्षकाने आपल्याही वहीत टिपून ठेवावी. घरात ती चिठ्ठी हरवण्याचा संभव फार असतो.

मुलास आपला व्रण दाखवावयाची घाई असते, आणि मॅडलिनच्या मैत्रिणींप्रमाणे वर्गही पाहावयास आतुर असतो. परंतु जांघेतील व्रण चारचौघांत दाखवावयाचा नसतो. त्यावर तोडगा असा की, त्याने बाहुलीवर कोळशाने रेघ ओढून तो दाखवावा. ही रेघ पाहत असता मागच्या रांगेतील एखादे मूल हळूच म्हणते, "माझ्या पण तिथं फुगतं." लाजेने आजवर घरीही न सांगितलेली गोष्ट या वेळी बाहेर येते, कारण ती सांगणारा पहिला मुलगा जाऊन, पाहून, परत आलेला असतो. शिक्षकाने वर्गात तेथे काही बोलू नये. सुटीत त्या मुलास बाजूस घ्यावे, त्याच दिवशी पालकांस भेटावे, आणि आरोग्यपथकाच्या पुढील वर्षाच्या फेरीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सांगावे. फुगवटा कधी आत न जाता कडक झाला, दुखू लागला किंवा मुलास उलट्या होऊ लागल्या, तर आतडे अडकलेले असण्याचा संभव असतो. त्या वेळी सकाळची वाट पाहावयाची नाही. रात्र असली तरी १०८ क्रमांकास फोन करून लगेच न्यावयाचे, हे त्याच भेटीत आईबापांस स्पष्ट सांगून ठेवावे.